शक्कर निकली

पायाची जखम महिनाभर भरेना, म्हणून तोफांच्या कारखान्यातले फिटर नीलकंठराव दवाखान्यात गेले. लघवी तपासून झाली. बाहेर सत्तर माणसं खोळंबली होती. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "शक्कर निकली है. बंद करना पड़ेगा. समझे?"

"जी," म्हणून नीलकंठराव बाहेर पडले. युद्धामुळे साखर कार्डावर मिळायची. मुलीच्या, हेमलताच्या लग्नासाठी चोरून घेतलेली साडेतीन शेर साखर घरात गव्हाच्या कोठीत होती.

"काहून सांगितलं तुम्ही त्यांना?" घरी बायकोनं, सत्यवतीबाईंनी विचारलं.

"मी कुठं सांगितलं? मी तर फक्त बाटली देऊन आलो. आता हवालातीत बंद करणार म्हणून राहिले."

नालीत टाकावी तर मुंग्या दारापर्यंत रांग लावतील. शहपुऱ्याला भावाकडे न्यावी तर वाटेत झडती. शेवटी खाऊनच संपवायचं ठरलं. तीन दिवस घरात शिरा आणि सरबत. दोष आपला, म्हणून मोठा वाटा नीलकंठरावांनी उचलला.

चौथ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत. टांग्यातून इस्पितळात नेलं. समोर तेच डॉक्टर.

"शक्कर खाई थी?"

शेजारच्या खाटेवर एक कैदी होता आणि त्याच्या पहाऱ्यावर शिपाई. सत्यवतीबाईंनी शिपायाकडे पाहिलं. "साखर नाहीच जी आमच्याकडे."

डॉक्टर तसंच लिहू लागले. हेमलता वडिलांच्या श्वासाकडे बघत होती. "साडेतीन शेर थी," ती म्हणाली. "तीन दिन में खतम की. आपने ही बोला था न, बंद करेंगे."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली.

लढाईच्या दिवसांत इन्सुलिन मिळणं मुश्कील. डॉक्टरांनी स्वतः हिंडून ते आणलं. तिसऱ्या दिवशी नीलकंठरावांनी डोळे उघडले. पायाची दोन बोटं मात्र कापावी लागली.

त्या दुपारी डॉक्टर पहिल्यांदाच खाटेजवळ स्टूल ओढून बसले. साखर घरात नव्हे, रक्तात वाढते. मग तहान भागत नाही, लघवी सारखी होते, माणूस वाळत जातो, जखम चिघळते. काय खायचं, काय नाही, हे सगळं त्यांनी सत्यवतीबाईंकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग जायला उठले.

"साहब," शिपाई हळूच म्हणाला. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. "वो प्यास वाली बात... हमको भी है. दो साल से."

सत्यवतीबाईंनी स्टूल त्याच्याकडे सरकवलं.