आवळा, धरा, सोडा

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि माझी त्याला हरकत नाही. मोठ्या कामगिरीचं तसंच असतं.

माणसाच्या आयुष्यात दोन गोष्टी न कळवता येतात: पाहुणे आणि शिंक. (तिसरी शिंकेपाठोपाठ येते. तिच्यासाठीच आपलं हे मंडळ आहे.) पाळी गेली तेव्हा मला वाटलं, सुटले. ते खरंच होतं. फक्त काय सुटलं ते कळायला पहिला खोकला यावा लागला.

मग मी नातेवाइकांची नव्याने प्रतवारी लावली. ज्यांचं बाथरूम दाराजवळ, ते जिव्हाळ्याचे. ज्यांचं जिना चढून, त्यांच्याशी माझे तात्त्विक मतभेद झाले. धाकट्या बहिणीकडे जायला सहा तासांची बस. तिला कळवलं, गुडघे दुखतात. (गुडघ्यांना याची कल्पना नव्हती.) तीच आज पाहुणी म्हणून पहिल्या रांगेत बसली आहे. तिने अधूनमधून मान डोलवावी.

तर दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आम्हा समदुःखींना उपाय सांगितला. लघवी रोखताना जे आवळतं तेवढंच आवळायचं, धरायचं, सोडायचं. पोट नाही, मांड्या नाहीत, श्वास चालू. रोज, नेमाने, काही महिने. "आणि कुठेही करा," त्या म्हणाल्या, "कुणाला कळतसुद्धा नाही."

इथे बाईंची चूक झाली. जो व्यायाम केलेला कळत नाही, तो न केलेलाही कळत नाही. हे सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं. अशा दूरदृष्टीमुळेच मंडळाने मला अध्यक्ष केलं असावं.

मंडळाची शिस्त कडक. सभेच्या सुरुवातीला सगळ्या एकदम आवळतात. खोलीत काहीच घडत नाही, आणि ते बराच वेळ घडत राहतं. देखरेखीला भुवया-समिती आहे, कारण नवशिकी बाई खालचं आवळायला जाते आणि वर भुवया चढतात. (हे ऐकताना वा वाचताना ज्या आवळून बघत आहेत, त्यांनी भुवया खाली घ्याव्यात.) माझ्या भुवया कधीच हलल्या नाहीत. इतकी सिद्धी पूर्वी पाहण्यात नाही, असा समितीने एकमताने ठराव केला.

बाकीच्याही बऱ्या आहेत. खजिनदारबाई परवा सलग शिंकल्या आणि जागच्या न उठता चहा प्यायल्या. निवृत्त मुख्याध्यापिका नातीबरोबर दोरीवरून उड्या मारतात. पण या बायका खरोखरच रोज व्यायाम करतात. कल्पनाशक्ती कमी पडते, दुसरं काय.

माझं तसं नाही. मी एकदा स्वयंपाकघरात असं काही आवळलं की सिंकचा गळका नळ थांबला. प्लंबर बघून गेला. म्हणाला, वॉशर तर जुनाच आहे. पुढे मी त्या सहा तासांच्या बसने बहिणीकडे गेले. गाडी थांबे घेत होती, सगळे धावत उतरत होते, ड्रायव्हरसुद्धा. मी जागेवर कलिंगड खात होते. पोचल्यावर बहीण म्हणाली, आधी बाथरूमला जाऊन ये. म्हटलं, घाई काय आहे, चहा टाक.

इथे पहिल्या रांगेतली पाहुणी उठली.

"ताई, कुठल्या बहिणीकडे गेली होतीस? तुला मी एकटीच आहे."

मी पाण्याचा पेला उचलला. मग विचार करून खाली ठेवला.

"तीन वर्षं तू येशील म्हणून मी पाहुण्यांच्या पलंगावरची चादर बदलतेय. शेवटी मीच आले. दर थांब्याला उतरत आले. तू मला गुडघे सांगत होतीस, मी तुला कंबर सांगत होते. मलाही गळतं गं. परत जाताना तू माझ्याबरोबर येतेस. दोघी उतरू, दोघी चढू. आणि तोवर रोज माझ्यासमोर आवळायचं."

सभागृहात खसखस पिकली. बहीण सावकाश मागे वळली.

"हसू नका. भुवया सगळ्यांच्याच वर आहेत."