बस्त्यावभाऊंची दारूबंदी

बस्त्याव लोपीस बहरीनला, मनामातल्या एका हॉटेलच्या बारमध्ये सतरा वर्षं दारू ओतत होते, आणि उरलेल्या वेळात अमेरिकेतल्या दारूबंदीचा इतिहास सांगत होते. स्वतः थेंबाला शिवत नसत. बारमधली गिऱ्हाइकं इतिहास ऐकून घेत नसत, म्हणून तो आमच्या वाट्याला यायचा.

आमचं घर बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. बस्त्यावभाऊ चौथ्यावर एकटेच राहायचे, बायको-मुलं वसईला. लिफ्टमध्ये गाठ पडली की सुटका नाही. तळमजल्यावर अमेरिकेत कायदा व्हायचा, दुसऱ्या मजल्यापर्यंत चोरटे अड्डे निघायचे आणि कायदा उठेपर्यंत मी त्यांच्याबरोबर चौथ्यावर पोचलेला असायचो. मग जिन्याने एक मजला खाली.

"दाऊदभाई, काय झालं माहीत आहे? दारू मफी, तहान मौजूद."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अर्धं अरबी, पण 'मफी' म्हणजे नाही हे गल्लीतल्या सगळ्यांना कळायचं.

मी रत्नागिरीचा मुसलमान, कापडाच्या दुकानात नोकरीला. दारूशी माझा सात पिढ्यांत संबंध नाही. पण बस्त्यावभाऊंमुळे मला ती कशी लपवायची याची इत्थंभूत माहिती झाली. एकदा माझी बायको सकीना द्राक्षं घेऊन आली, तर हे जिन्यातच थांबले. "वहिनी, तिकडे तेव्हा द्राक्षांच्या सुक्या विटा विकायचे. वर सूचना असायची, ही वीट पाण्यात विरघळवून वीस दिवस कपाटात ठेवू नये, नाहीतर वाइन होईल." सकीनाने त्या दिवशी सगळी द्राक्षं संध्याकाळच्या आत संपवायला लावली.

ब्लडप्रेशर दाखवायला मी त्यांना सलमानिया हॉस्पिटलात घेऊन गेलो, तर रांगेत सुरू झाले, "त्या काळी डॉक्टर कागदावर व्हिस्की लिहून द्यायचे." मागच्या दोघा मलबाऱ्यांनी तो कागद कुठल्या खिडकीवर मिळतो, अशी गंभीरपणे चौकशी केली.

शेवट मात्र नेहमी एकच. आवाज खाली आणून म्हणायचे, "तेरा वर्षांनी सरकारने स्वतःच कायदा मागे घेतला. म्हणजे चूक कोणाची?" आपण "सरकारची" म्हणेपर्यंत हात सोडत नसत.

मग त्यांची आई, मोनिकाबाय, व्हिजिट व्हिसावर आली. पंचाहत्तरीची, काटक, कासोट्याचं लाल लुगडं नेसलेली. ती यायच्या आदल्या दिवशी बस्त्यावभाऊ आमच्या दारात आले. "आयसमोर दारूबंदीचा विषय काढू नका."

"आम्ही कधी काढतो?" मी विचारलं.

"तरीपण," ते म्हणाले.

शुक्रवारी दोघांना जेवायला बोलावलं. सकीनाने सुरमई तळली होती. मोनिकाबाय चवीने जेवत होती, बस्त्यावभाऊ न बोलता काटे काढून तिच्या ताटात मासा वाढत होते. ही शांतता सकीनाला सोसेना. ती बोलून गेली, "तुमचा मुलगा आम्हाला किती इतिहास सांगतो, आई. अमेरिकेत दारूबंदी होती ना, तिचा."

बस्त्यावभाऊंचा हात थांबला.

"अमेरिकेतली?" म्हातारी म्हणाली. "आपल्याकडची नाय सांगत? मुंबई राज्यात होती की. मी केळीच्या वाडीत गुळाची गाळायची. नवरा मेलेला, पोरं चार, करणार काय? तीन महिने तुरुंगात होते मी."

अगदी सहज बोलली. गावच्या पावसाबद्दल बोलावं तसं. आम्हालाच कुठे बघावं कळेना.

बस्त्यावभाऊ खाली बघत म्हणाले, "आय, तुला पोलिसांनी गाडीत बसवलं तेव्हा तू मला हाक मारलीस."

"मारली."

"शाळेतली पोरं होती बरोबर. मी ऐकलं नाय असं दाखवलं. वळून बघितलं पण नाय."

"माहीत आहे."

"पोरांना सांगितलं, ती कोण बाई आहे मला माहीत नाय." पन्नाशी उलटलेला हा माणूस, पण आवाज अकरा वर्षांच्या पोराचा निघाला. "मग सगळ्यांना सांगत सुटलो, आय गोव्याला मामाकडे गेली."

म्हातारीने घास गिळला, पाणी प्यायली.

"अरे, मी कोंबड्यांसाठी हाक मारली होती. संध्याकाळचे दाणे घालायचे राहिले होते. घातलेस का?"

बस्त्यावभाऊंनी थोडा वेळ आठवलं.

"घातले."

"रोज?"

"रोज. तू येईपर्यंत."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि सुरमईचा उरलेला तुकडा उचलून त्यांच्या ताटात ठेवला.