डावीकडचं आईचं, उजवीकडचं कुत्र्यांचं

यंदा कुत्र्यांच्या स्लेज-शर्यतीच्या तयारीत केसाएवढी चूक होणार नाही, असं फ्लॉइडने पोस्टातल्या शेगडीपाशी हात शेकत सगळ्या गावाला सांगून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं. पण भर हिवाळ्यात युकॉन नदीच्या काठावर माणसाला बोलायला काहीतरी लागतंच, आणि फ्लॉइडला तर शेगडी दिसली की जाहीर सभा भरवावीशी वाटे.

"मागल्या वर्षीही इथंच उभा राहून हेच बोलला होतास," एफी मावशी म्हणाली. ही त्याच्या बायकोची, जस्टिनाची मावशी. "आणि मग गेलास कुठं? सोन्याच्या खाणीत!"

खाणीची गोष्ट खरी होती. मागल्या वर्षी, नदीला फाटा फुटतो तिथं त्याची पुढारी कुत्री डॉली मुकाट्याने उजवीकडे वळत होती. फ्लॉइड स्लेजवरून ओरडला, "हॉ! हॉ!" हॉ म्हणजे डावीकडे, जी म्हणजे उजवीकडे. डॉलीने मागं वळून त्याच्याकडे असं पाहिलं, की शहाण्या माणसाने तिथल्या तिथं माफी मागितली असती. हा आणखी जोरात ओरडला. शेवटी तिनेही म्हटलं असेल, घे बाबा! आणि सगळी पलटण एका बंद पडलेल्या खाणीच्या आवारात जाऊन थांबली. शर्यत तिकडे, हे इकडे!

फ्लॉइडला डावं-उजवं कळत नसे. बाकी सगळं कळे. कुत्र्याच्या नुसत्या खोकल्यावरून त्याचं पोट बिघडलंय की मन, हे तो सांगू शके. पण जी आणि हॉ या दोन शब्दांपुढे त्याचं डोकं बंद पडे. त्याची सासू, उर्सुला, हयात होती तेव्हा म्हणायची, "पोरगी त्या डॉलीला दिली असती, तर वेळेवर घरी तरी पोचली असती."

म्हणून ही शर्यत त्याला एकदा तरी पुरी करायची होती. जिंकायची नव्हती हो! नुसती शेवटच्या गावात सरळ, बरोबर रस्त्याने पोचायची होती. पन्नाशी उलटली होती. गुडघे आताशा उठताना कुरकुरत आणि बसताना भांडत.

शर्यत कुत्र्यांची असं म्हणतात, पण कुत्र्यांना काय, नुसतं धावायचं असतं. बाकी सगळं माणसाच्या बोडक्यावर! नदीच्या बर्फाला भोक पाडून पाणी आणा, मासे आणि चरबी उकळून रांजणभर रस्सा करा, एकेका पंजाला मलम चोळा, कापडी मोजे शिवा. ते मोजे कुत्री एका फेरीत फाडतात, की पुन्हा शिवा. मग सगळ्यांना जुंपून मैलोन्मैल पळवून आणा. परत आल्यावर कुत्री पेंढ्यात गोल होऊन घोरायला लागत, आणि फ्लॉइड त्यांच्याकडे बघून मनात म्हणे, पुढच्या जन्मी मला हे काम द्या.

त्या हिवाळ्यात घरात आणखी एक तयारी चालली होती. उर्सुलाला जाऊन दोन हिवाळे होत आले होते आणि आता तिच्या आठवणीचं जेवण घालायचं होतं, पॉटलॅच. नदीच्या वरच्या-खालच्या गावांतून माणसं येणार, पोटभर जेवणार, तिची गाणी म्हणणार, भेटवस्तू घेऊन जाणार, आणि मगच म्हातारीचा आत्मा मोकळा होणार. जस्टिनाने त्यासाठी दोन वर्षं जमवाजमव केली होती. शरदात भावांनी मूस मारला, घोड्याहून थोराड असा सांबर. उन्हाळ्यात मावश्यांनी किंग सालमन माशाच्या पट्ट्या धुरावर वाळवल्या. हे अन्न म्हणजे आईला दिलेला शब्द होता. त्यातला तुकडासुद्धा कुत्र्याच्या तोंडी जाता कामा नये, अशी जुनी रीत.

आता ज्या घरात वीस कुत्री, त्या घरात जे काही भरायचं ते कुत्र्यांच्या खाण्याच्या रिकाम्या पोत्यांत भरतात. दुसरी पोती आणणार कुठून? मावश्यांनी मूस कापून, कागदात गुंडाळून, त्याच पोत्यांत शिवून ठेवला. फ्लॉइडने आपलं बीव्हरचं, म्हणजे नदीतल्या थोराड घुशीचं, मांस, आतडी आणि कुत्र्यांचे मासे कागदात गुंडाळून त्याच पोत्यांत शिवून ठेवले. सगळं एकाच खोपटात. बाहेर थंडी अशी, की दोन्हीकडचे गठ्ठे दगडासारखे टणक आणि वासाचं नावच नाही.

जस्टिना खोपटाच्या पुढच्या दारात उभी राहून म्हणाली, "नीट ऐक. डावीकडचं आईचं, उजवीकडचं कुत्र्यांचं."

"लिहून लावू का?"

"तुझ्या लिहिण्यावर माझा तुझ्या वळण्याइतकाच भरवसा आहे. नुसतं ध्यानात ठेव."

फ्लॉइडने ध्यानात ठेवलं. हीच तर गोची झाली! शर्यतीचा नियम असा, की वाटेवरच्या गावांत लागणारं सगळं खाणं पोत्यांत भरून आधीच विमानाने पाठवायचं. ज्या दिवशी विमान येणार, त्या दिवशी फ्लॉइड पहाटेपासून कुत्र्यांच्या आवारात राबत होता. पाठ मोडली होती, डोळे मिटत होते. पण खोपटात शिरताना तो मुद्दाम थांबला. छातीवर हात ठेवून हृदय कुठल्या बाजूला ते चाचपलं. ही डावी! मग ही उजवी! आयुष्यात पहिल्यांदा त्याचं डावं-उजवं बिनचूक जमलं होतं. उजवीकडची पोती त्याने एकेक करून उचलली, वर गावांची नावं रंगवली आणि विमानात चढवली.

फक्त एक बारीकशी गोष्ट राहिली. तो आवारातून आला होता, म्हणजे खोपटाच्या मागच्या दाराने.

दोन दिवसांनी मावश्या मूसच्या मुंडीचं सूप चढवायला आल्या. एफी मावशीने पहिलं पोतं चुलीपाशी आणून उसवलं. कागद सुटला, गठ्ठा थोडा वितळला, आणि घरात असा वास सुटला, की भिंतीवरचं उर्सुलाचं छायाचित्रसुद्धा नाक मुरडतंय असं वाटलं.

"जस्टिना!" मावशी किंचाळली. "तुझी आई जेवायला काय मागायची, आठवतंय का? कारण माझ्या आठवणीत तरी तिने बीव्हरची आतडी कधी मागितली नव्हती!"

फ्लॉइड खुर्चीत बसून मोजे शिवत होता. सुई त्याच्या अंगठ्यात गेली.

"मी उजवीकडचीच घेतली," तो म्हणाला. "शपथ! हृदय चाचपून घेतली!"

"कुठल्या दाराने गेलास?" जस्टिनाने विचारलं.

रक्ताळलेल्या अंगठ्याने त्याने कुत्र्यांच्या आवाराकडे खूण केली. मावशीच बोलली. "अगं, हृदय होतं जागेवर. मेंदू चाचपायचा राहिला!"

जस्टिना हसली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर फ्लॉइडला परवडलं असतं. ती आईचं मोठं पातेलं मांडीशी घेऊन खाली बसली आणि रिकाम्या पातेल्यात बघत राहिली. शनिवारी माणसं येणार होती.

फ्लॉइडने शर्यतीच्या कचेरीला फोन लावला.

"बाई, माझ्या पोत्यांत माझी सासू आहे!"

पलीकडून बाईंनी त्याचं नाव पुन्हा विचारलं.

"म्हणजे सासूचं जेवण आहे. ती वारली. दोन वर्षं झाली."

"सर," बाई जपून म्हणाल्या, "आपण बसून घ्या. पाणी प्या."

सगळं समजावून सांगेपर्यंत त्याचा घसा सुकला. बाईंनी मग नियम वाचून दाखवला. पाठवलेली पोती शर्यत सुरू होईपर्यंत कुणी उघडायची नाहीत, हलवायची नाहीत. नवी पोती पाठवायची मुदतही संपली.

"काहीच करता येणार नाही?"

"शर्यतीतून नाव काढलेल्याला आपली पोती स्वतः जाऊन उचलता येतात."

"बरं," फ्लॉइड म्हणाला, आणि फोन हातात धरून उभा राहिला.

त्याने दुसरा घोटाळा आधीच करून ठेवला होता. घाबरून त्याने वाटेवरच्या क्रो पॉइंट गावी जस्टिनाच्या चुलतभावाला, पर्सीला, फोन केला होता, "पर्सी, माझ्या पोत्यांना कुणाला हात लावू देऊ नकोस. त्यात उर्सुलाचं जेवण आहे." पर्सीने तेवढंच ऐकलं आणि तो भारावून गेला. उर्सुलाचं जेवण आपल्या गावात! त्याने वरच्या गावाला कळवलं. वरचं गाव म्हणालं, इथंही पोती आलीत, म्हणजे जेवण इथं! संध्याकाळपर्यंत दोन्ही गावांत बायका पाव भाजायला बसल्या होत्या, ढोल शेगडीपाशी तापत होते, आणि कुठल्या गावाने म्हातारीला जास्त जीव लावला यावरून रेडिओवर भांडण जुंपलं होतं.

"आता दोन्ही गावं माझ्या तोंडावर थुंकतील," जस्टिना म्हणाली. दाराचं विचारल्यानंतरचं तिचं हे पहिलं वाक्य.

फ्लॉइडने खिडकीतून बाहेर पाहिलं. डॉली आपल्या लाकडी खोपीच्या छपरावर बसली होती. अंगात एवढं बळ आलं होतं तिच्या यंदा! अशी पलटण त्याच्या हाती कधी नव्हती, आणि पुन्हा होणार नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. त्याला फार वाईट वाटलं. मग त्याने पुन्हा फोन लावला.

"बाई, माझं नाव काढा."

"सासूचं की आपलं, सर?"

"माझं."

जस्टिनाने मान वर केली. "मी तुला तसं म्हटलं नव्हतं."

"तू पातेल्याला म्हटलंस. मी ऐकलं."

एफी मावशी खाकरली. ती हळवी झाली की खाकरायची. "माझी स्नोमोबाइल घेऊन जा. लवकर येशील."

"नको गं मावशी," जस्टिना घाईघाईने म्हणाली. "मशीनवर याला स्वतः वळावं लागेल. कुत्र्यांनीच जाऊ दे. डॉलीला रस्ता कळतो."

तर अशी त्याची शर्यत सुरू झाली. समोर कुणी नाही, मागे कुणी नाही, टाळ्या वाजवायला एक कावळा. कुत्र्यांना कुठे माहीत होतं, की हा सामान आणायचा फेरा आहे! ती जीव तोडून धावली. नदीच्या फाट्यावर फ्लॉइडच्या तोंडात शब्द आलाच होता. त्याने तो गिळला. डॉलीने मागं वळून पाहिलं, वाट पाहिली, आणि कुणी ओरडत नाही असं बघून बरोबर उजवीकडे वळली. वरचं गाव समोर आलं तेव्हा फ्लॉइडला रडू आलं, आणि पापण्या गोठल्या. म्हणजे एवढंच करायचं होतं इतकी वर्षं? गप्प बसायचं?

गावात लोक नटूनथटून उभे होते. "आलं, आलं, उर्सुलाचं जेवण आलं!"

फ्लॉइड इतका दमला होता, की खोटं बोलायचेही श्रम नकोसे वाटले. त्याने सगळं सांगितलं. मागचं दार, पुढचं दार, हृदय. मग एका म्हाताऱ्याला हसू फुटलं, आणि बघता बघता सगळं गाव बर्फात वाकून हसायला लागलं.

"उर्सुला सांगायची, ते आम्हाला अतिशयोक्ती वाटायचं!" म्हातारा डोळे पुसत म्हणाला. "जेवण तिकडे असेल तर आम्ही तिकडे येतो. पाव भाजलेतच."

क्रो पॉइंटलाही तेच झालं. पर्सी थोडा रुसला, पण ढोल घेऊन निघालाच. परतीच्या वाटेवर पुढे डॉली, मग बाकीची कुत्री, मग पोत्यांनी लादलेली स्लेज, तिच्यावर उभ्याउभ्या पेंगणारा फ्लॉइड, आणि मागे दोन गावांच्या स्नोमोबाइलींची रांग. पलटण आपल्या गावात पहिली शिरली. दुसरं कुणी शर्यतीत नव्हतं, पण कुत्र्यांना ते कोण सांगणार!

शनिवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सूप पुरलं, मासा पुरला, पाव उरला. ढोल वाजले, उर्सुलाची गाणी झाली. जस्टिना रडली आणि मग मोकळं हसली, आणि ते बघून फ्लॉइडला वाटलं, झालं, आता झोपलो तरी चालेल.

शेवटी भेटवस्तू वाटायला काढल्या. म्हातारीच्या शेवटच्या कामी ज्यांनी हात लावला, त्यांचा मान पहिला, आणि गोठलेल्या जमिनीत कुदळ मारून तिचं थडगं फ्लॉइडनेच खणलं होतं. जस्टिनाने एक पुडकं त्याच्या हातात दिलं.

"हे आईने जायच्या आधीच शिवून ठेवलं होतं. म्हणाली, माझ्या जेवणाला जावयाला दे."

आत बीव्हरच्या केसाळ कातड्याचे जाड, उबदार हातमोजे होते, हाताच्या पाठीवर मण्यांची फुलं भरलेले. डाव्यावर लाल फुलं, उजव्यावर निळी.

"दोन रंग कशाला?" फ्लॉइडने विचारलं.

"लाल म्हणजे हॉ, निळं म्हणजे जी. म्हणाली, त्याला म्हणावं, ओरडायच्या आधी हाताकडे बघत जा."

फ्लॉइडने मण्यांवरून अंगठा फिरवला. आयुष्यभर टोमणे मारणारी बाई, आणि दिवाणावर पडल्या पडल्या, थरथरत्या बोटांनी त्याच्यासाठी एकेक मणी ओवत होती! त्याने ते हातमोजे घातले आणि सगळ्यांना दिसावेत म्हणून दोन्ही हात उंच केले. पुढच्या वर्षी, तो म्हणाला, पुढच्या वर्षी केसाएवढी चूक होणार नाही!

सगळे त्याच्या हातांकडे बघत होते.

"जावईबापू," एफी मावशी हळूच म्हणाली, "फुलं तळहाताकडे आलीत. काढा, आणि डावा-उजवा बदलून घाला."