नानांची कोरी ओळ

वेल्डिंगच्या धंद्यात माझ्यासारखी नजर सगळ्या तिसगावात कोनाची न्हाई. माझ्याच दुकानाचं फाटक तिरपं बसलंय आन ते म्याच बसवलंय, पन ते सोडा.

तर अशा मानसाचा काळा चष्मा एक दिवस दुकानातनं गायब झाला. गिऱ्हाईक दारात उभं, खिडकीचं ग्रिल अर्धं झालेलं, आन चष्मा न्हाई. शोधत शोधत शेजारच्या रंगनाथनानांच्या वट्यावर गेलो. नाना खाटंवर मांडी घालून बसलेले, पुढं लॅपटॉप, आन डोळ्यावर माझा चष्मा.

"जयभीम नाना. ह्ये काय चाल्लंय?"

"गप. टेस्ट चालू हाय."

"त्या चष्म्यातनं वेल्डिंगच्या जाळाशिवाय काय दिसत न्हाई, नाना."

"व्हय, काय दिसत न्हाई. म्हनूनच डोकं बी दुखत न्हाई." मग चष्मा काढून माझ्या हातात आदळला. "पन उपेग न्हाई. पोरगी हापिसात आंधळी बसंल व्हय?"

पोरगी म्हंजे सुमनताई. पुन्याला कंपनीत हाय, दिवसभर लॅपटॉपवर आकडे बघायचं काम. नानी जाऊन लई दिस झाले, तवा हितं नाना एकटेच. आन इकडं ताईचे डोळे जळायला लागले, कपाळ ठनकायला लागलं. डॉक्टरनं तपासलं आन सांगितलं, डोळे चांगले हायेत, बघायची सवय बदला. ताई नानांना म्हनली, असंच ऱ्हायलं तर नोकरी सोडावी लागंल. शिकून, धडपडून मिळवलेली नोकरी ती. त्या दिवसापासनं नानांना दुसरा इषय न्हाई.

आता दुसरा बाप असता तर फोनवर म्हनला असता, बाई, डोक्याला तेल लाव. पन नाना पडले डाळिंबवाले. दुकानदारानं नवं औषध दिलं की नाना ते आधी एकाच ओळीवर फवारनार, शेजारची ओळ कोरी ठेवनार, आन रोज सकाळी हात मागं बांधून दोन्ही ओळींच्या मधनं फिरनार. फरक दिसला तरच बागंला मारायचं. "आधी ओळीवर," हा त्यांचा शब्द. पुतन्याच्या लग्नात आचाऱ्याला सुदिक म्हनले, "भाजी आधी ओळीवर." पयली पंगत जेवून उठंस्तोवर बाकीचं वऱ्हाड उपाशी उभं हुतं.

तर ताईचा जुना लॅपटॉप घरात पडून हुता, तो नानांनी उघडला. आधी सोताला डोकेदुखी लावून घ्यायची, मग उपाय करायचा, आन लागू पडला तरच पोरीला सांगायचा.

"आन कोरी ओळ कोन, नाना?"

"तू."

"म्या का?"

"तुझ्याइतकं कोरं डोकं आळीत दुसऱ्या कुनाचं हाय?"

झालं. दुकान सोडून म्या खाटंवर. लॅपटॉपवर नुसत्या चौकटी आन चौकटीत आकडे.

"गानी लावा की नाना."

"सुमन गानी बघती व्हय? टेस्ट खोटी पडंल."

"मला तर वाचता बी येत न्हाई."

"दिवस मावळला की तिला बी काय कळत न्हाई म्हनती. बस."

नानांच्या टाळूवर एरंडेल तेल, माझी टाळू कोरडी. नानांच्या डोळ्यावर काकडीच्या चकत्या, माझे डोळे उघडे. म्या बसल्या बसल्या उरलेली काकडी मीठ लावून खाल्ली तर नाना चकत्या फेकून उठले, "कोऱ्या ओळीनं औषध खाल्लं! आता उद्यापासनं परत!"

संध्याकाळी माझं कपाळ असं ठनकायचं की आत कोन घन मारतंय. म्या डोकं धरलं की नाना खुश.

"लई दुखतंय ना?"

"लई."

"झकास."

घरी बायकोपुढं रडगानं गायलो. मंदा म्हनली, "जन्मात पयल्यांदा डोकं वापरलं, ते बी दुखायला."

पन खोटं कशाला बोलू, हळूहळू नानांना फरक पडाया लागला. काकडी, तेल सगळं बाद झालं. लॅपटॉप पत्र्याच्या डब्यावर, हातभर लांब. उजेड कमी. मधून मधून मान वर करून पार डोंगराकडं बघायचं, आन आठवनीनं पापन्या मिटायच्या. नाना दिवसभर बसायचे आन उठताना कपाळ चोळून म्हनायचे, "फरक हाय."

मग म्हनले, "बबन, आता तुला बी फवारतो."

तसं म्या बी दिवसभर सगळं नानांसारखं केलं. डोंगराकडं तर इतकं बघितलं की डोंगर लाजला आसंल. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी माझं डोकं तसंच, उलट जास्तच.

नाना संशयानं बघायला लागले. "काल हितनं गेल्यावर काय केलंस?"

"काय न्हाई. जेवलो, झोपलो."

भिंतीपलीकडनं, आमच्या घरातनं मंदाचा आवाज आला, "झोपला कसला! बैलांच्या शर्यती बघत बसल्ता मोबाईलवर! जेवताना सुदिक हातातनं सोडला न्हाई!"

म्या मान खाली घातली. म्हनलं, आता नाना आई-बाप काढनार. पन शिवी काय आली न्हाई. वर बघितलं तर नाना डब्यावरच्या लॅपटॉपकडं बघत बसल्ते.

"म्हंजे दिवसभर डोळे सांभाळले," नाना हळू म्हनले, "आन संध्याकाळी परत पडदा बघितला, की सगळं पान्यात."

"व्हय नाना. चुकलंच माझं."

"तुझं मरू दे. सुमन संध्याकाळी काय बघती?"

सगळ्या आळीला ठाऊक हाय. दिवे लागले की नाना धुतलेला सदरा घालतात, भांग पाडतात, आन मोबाईल पान्याच्या तांब्याला टेकवून ठेवतात. मग ताईचा व्हिडिओ फोन येतो. ती तिकडं ताट घेऊन बसती, नाना हिकडं. बाप-लेक समोरासमोर जेवतात. दुपारची भाकर कवाकवा तशीच ऱ्हाती, पन नानांचं ते जेवन कधी चुकत न्हाई.

त्या दिवशी बी नानांनी सदरा घातला, म्या तिथंच खाटंच्या कडंला बसल्तो. भांग पाडला. फोन वाजला, ताईचं तोंड दिसलं. नानांनी त्यांचा जाड भिंगाचा चष्मा पुसला, परत घातला, तिच्याकडं नीट बघून घेतलं.

"सुमन, तो व्हिडिओ बंद कर."

"का हो नाना?"

"दिवसभर लॅपटॉप, आन परत वरनं माझं थोबाड. कशाला? नुसतं बोल. डोळे मिटून बोल. टेस्ट केलीय, फरक पडतो."

"आन तुमी कसे दिसताय ते मला कसं कळनार?"

"जुनाच हाय. काय बदल न्हाई."

ताईनं बी नानांकडं एकदा नीट बघून घेतलं. मग तांब्यापुढचा मोबाईल काळा झाला. नानांनी बी डोळे मिटले, चाचपडत भाकरीचा तुकडा मोडला आन म्हनले, "हां, बोल. काय केलंय आज जेवायला?"

"मेथी."

"मीठ बरं पडलंय?"

"बरं पडलंय, नाना."

डोळे मिटलेले नाना तिची मेथी खाल्ल्यावानी सावकाश चावत हुते. म्या हुंदका दाबायला गेलो तर नाकातनं मोठ्ठा आवाज आला.

"नाना, कोन हाय वो तिथं?"

"कोन न्हाई," नाना डोळे न उघडता म्हनले. "बबन हाय. फुकट बसलाय, आत्ता हाकलतो."