एक व्हायरस द्या, चांगल्यातला

लॅपटॉपवर एक अँटिव्हायरस टाकून घ्यावा, असं मच्छिंद्रच्या मनात आलं ते बायकोच्या भल्यासाठी. (या माणसानं आजवर जेवढे घोटाळे केले ते सगळे कुणाच्या तरी भल्यासाठीच केले. स्वतःच्या भल्यासाठी तो फक्त झोपतो.)

कारणही तसंच होतं. त्याची सासू जाईबाई, राहणार वरवंड. बाईनं उभ्या आयुष्यात भीमजयंतीची गाणी रचली आणि गायली. कागद नाही, पेन नाही, सगळं गळ्यात. गेल्या थंडीत तिचा आवाज बसला तो पुन्हा उठलाच नाही. आता ती नुसती कुजबुजते. आवाज जायच्या आधी मच्छिंद्रच्या बायकोनं, सीमानं, माहेरी मुक्काम ठोकून आईची सगळी गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली होती. पुढे तो मोबाइल पँटच्या खिशातून थेट वॉशिंग मशीनमध्ये गेला आणि स्वच्छ धुऊन निघाला. (मोबाइल सीमाचा असला तरी पँट कुणाची होती, हे सांगायला नको.) नशिबानं गाणी तोवर लॅपटॉपवर उतरवलेली होती. यंदाच्या जयंतीला शिरूरच्या त्यांच्या वस्तीत, विहारापुढच्या मांडवात ती स्पीकरवर लागणार होती आणि जाईबाई स्वतः पहिल्या रांगेत बसून ऐकणार होती.

"लॅपटॉपला काय झालं म्हंजी?" मच्छिंद्र म्हणाला.

"तुम्ही हात लावला न्हाई तर काय बी व्हत न्हाई," सीमा भाकरी थापत म्हणाली.

एवढं स्पष्ट सांगितल्यावर दुसरा नवरा गप्प बसला असता. पण मच्छिंद्र रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. तपासल्याशिवाय तो घरात कोथिंबिरीची जुडीसुद्धा येऊ देत नाही. त्यानं त्याच संध्याकाळी कोणता अँटिव्हायरस चांगला, याचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली.

आणि व्हिडिओ किती! एक जण घरातल्या घरात काळा गॉगल लावून बोलत होता. एक जण 'दोस्तों' म्हणाला की लॅपटॉपचा स्पीकर फाटायचा. तिसरा नुसती खरेदीची लिंक दाखवत होता, आणि ज्याची लिंक त्याचंच कौतुक. मच्छिंद्रनं तिघांनाही जागच्या जागी रिजेक्ट केलं. चौथ्यानं मात्र चांगलं थंड डोक्यानं एक फोल्डर उघडलं आणि म्हणाला, "यात हजार व्हायरस आहेत. बघू हा अँटिव्हायरस किती पकडतो."

"थांब," मच्छिंद्र त्या स्क्रीनवरच्या माणसाला म्हणाला. "हे पीस तू आणलेस कुठनं? ते व्हायरस हायेत हे तपासलं कुणी? उद्या मी हजार बटाटे ठेवीन आन् म्हणीन, हे बाँब हायेत."

आता खरं सांगायचं तर हा मुद्दा बिनतोड होता. मोठमोठ्या तज्ज्ञांनी टाळ्या वाजवाव्यात असा. मच्छिंद्र इथंच थांबला असता तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

पण त्याला आठवला कंपनीतला लाल पीस. कंपनीत रोज शिफ्ट सुरू होताना तपासणीच्या मशीनमधून आधी एक मुद्दाम राखून ठेवलेला खराब पीस घालतात. तो कुणी चुकून चांगल्यात मिसळू नये म्हणून त्याला लाल रंग फासलेला असतो. मशीननं तो बाहेर फेकला तर मशीन ठीक. आत घेतला तर मशीन बंद, आणि सुपरवायझरची बोलणी सुरू. मच्छिंद्रच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुणाच्या व्हिडिओवर भरवसा कशाला? आपल्याला फक्त एक खात्रीचा व्हायरस पाहिजे.

आणि शिरूरमध्ये खात्रीचा व्हायरस कुठं मिळतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एसटी स्टँडसमोर रोहिदासचं झेरॉक्सचं दुकान. तिथं पेनड्राइव्ह लावला की घरी येईपर्यंत आजारी पडतो, अशी गावभर ख्याती. मच्छिंद्रनं स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यामागं पडलेला एक पेनड्राइव्ह उचलला आणि दुकान गाठलं.

"जय भीम, रोहिदास."

"जय भीम, मच्छिंद्रभाऊ. काय काढायचं? आधार का सातबारा?"

"काढायचं न्हाई, टाकायचंय. एक व्हायरस द्या, चांगल्यातला."

दुकानात फॉर्म भरायला आलेली माणसं मान वर करून बघायला लागली. रोहिदासचा चेहरा झेरॉक्सच्या कागदासारखा पांढरा पडला.

"भाऊ, धंद्याच्या टायमाला चेष्टा नको. माझ्याकडं व्हायरस न्हाई."

"असं कसं? सगळं गाव तुमच्याकडनंच नेतंय की!"

"कोण म्हणतंय? नाव सांगा!"

"आता नावं कशाला? मी तक्रार करतोय का? उलट मागून नेतोय. माणसानं कौतुक तरी घ्यावं."

"न्हाई म्हंजी न्हाई! मागच्या महिन्यातच सगळं साफ करून घेतलंय. चांगला अँटिव्हायरस टाकलाय."

"अहो, सगळेच तसं सांगत्यात," मच्छिंद्र डोळा मारत म्हणाला, आणि पेनड्राइव्ह पुढं सरकवला. "बरं, राहू द्या. ह्यात फक्त माझं लाइट बिल टाका."

रोहिदासनं रागारागानं बिल टाकलं, पेनड्राइव्ह उपसला आणि काउंटरवर आदळला. मच्छिंद्र खुशीत. 'न्हाई' म्हणताना त्याचा आवाज किती चढला होता! म्हणजे माल शंभर टक्के आतमध्ये आहे.

घरी आल्याबरोबर त्यानं सीमाची नेलपॉलिश शोधली आणि पेनड्राइव्ह लालभडक रंगवला. रात्री वस्तीच्या पारावर त्यानं सगळ्यांना तो लांबूनच दाखवला. "हात लावू नका. जिवंत व्हायरस हाय." माणसं दोन पावलं मागं सरली. मांडवातल्या साउंडचं काम ज्याच्याकडं होतं तो सतीश तर चार पावलं सरला.

मग तपासणी सुरू झाली. पहिला अँटिव्हायरस टाकला, लाल पेनड्राइव्ह लावला. अँटिव्हायरस म्हणाला, काही धोका नाही.

"धोका न्हाई?" मच्छिंद्र कडाडला. "स्वतःच्या हातानं भरून आणलाय मी!" रिजेक्ट. दुसरा टाकला, तोही म्हणाला सगळं ठीक. रिजेक्ट. तिसरा, चौथा, सगळे एका सुरात तेच. मच्छिंद्रच्या मते ही मोठी मिलीभगत होती. (चार डॉक्टरांनी 'तब्येत ठणठणीत' सांगितल्यावर पाचवा डॉक्टर शोधणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. त्याला पाचवा मिळतोच.)

पाचवा मिळाला. 'सच्चा टेकदादा' नावाचा. म्हणे, "दौंडवरून बोलतोय." म्हणजे आपल्याच भागातला. गॉगल नाही, आरडाओरडा नाही. मागं भिंतीवर भेगा. आणि बोलता बोलता आतून कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि त्याच्या आईची हाक आली, "बाळा, जेवायला ये रे!" टेकदादा ओशाळून हसला आणि म्हणाला, "आलो गं आई, लोकांना खरं सांगून येतो."

मच्छिंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सीमा, ज्याच्या मागनं आई जेवायला बोलवतीय तो खोटं कसं बोलंल?"

"का? खोटी माणसं जेवत न्हाईत व्हय?" सीमा जयंतीच्या साड्यांना इस्त्री करत होती. तिनं मान वर केली नाही.

टेकदादानं सांगितलेला 'महाकवच प्रो' मच्छिंद्रनं घेतला. आणि काय सांगावं! पेनड्राइव्ह लावायच्या आधीच लॅपटॉप लाल झाला. भोंगा वाजायला लागला. शेकड्यानं व्हायरस खालून वर पळायला लागले, एकेक नाव लांबलचक, शेवटी उद्गारचिन्ह. मच्छिंद्र खुर्चीतून उठून उभा राहिला. पीस न घालताच माल पकडणारं मशीन त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं! खाली हिरवं बटण आलं, 'सगळं साफ करा'. ज्या माणसानं कंपनीत बावीस वर्षं एकेक पीस हातात फिरवून बघितला त्यानं यादीतलं एकही नाव न वाचता बटण दाबलं.

सगळं साफ झालं. खरोखर सगळं. लग्नाचे फोटो, पोरीचे दाखले, आणि 'आईची गाणी' नावाचं फोल्डरसुद्धा.

हे कळलं दुसऱ्या दिवशी, जयंतीच्या आदल्या सकाळी, जेव्हा जाईबाई वरवंडहून एसटीनं येऊन दारात उभी होती आणि सीमा तिला एक गाणं ऐकवायला गेली.

सीमानं फोल्डर दोनदा शोधलं. मग तिनं टेकदादाचा व्हिडिओ लावला. मग दुसरा. मग तिसरा.

"अहो, इकडं या. काय ऐकू येतंय?"

"कुकर."

"किती शिट्ट्या?"

"तीन."

"ह्या व्हिडिओत?"

"तीन."

"आन् ह्यात? हा मिक्सरचा रिव्ह्यू हाय."

तीन शिट्ट्या. "बाळा, जेवायला ये रे!" तोच सूर, तीच ओढ, तेच ओशाळं हसू.

"सगळ्या व्हिडिओत एकच कुकर शिजतोय. भात का करपत न्हाई ह्याचा? माझी बहीण दौंडात राहती. तिचा फोन आला की दर मिनिटाला रेल्वेचा हॉर्न ऐकू येतो. ह्याच्या दौंडात एक गाडी न्हाई!"

मच्छिंद्रला खाली बसावंसं वाटलं. तो आधीच खाली बसलेला होता. जाईबाई जवळ आली आणि कुजबुजली. ती कुजबुज ओरडण्यापेक्षा वाईट होती.

"जावईबापू, म्हंजी माझा आवाज दोनदा गेला म्हणायचा?"

मच्छिंद्रनं पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायचा प्रयत्न केला.

"आई, तू बस," सीमा म्हणाली. "मी येवढी खुळी न्हाई. सतीश साउंडवाल्याला द्यायला म्हणून सगळी गाणी पेनड्राइव्हवर काढून ठेवलीत. मसाल्याच्या डब्यामागं."

सीमा स्वयंपाकघरात गेली. डबे सरकवल्याचे आवाज आले. मग आवाज थांबले. ती बाहेर आली. मच्छिंद्र पंख्याकडं बघत होता.

"अहो."

"व्हय."

"माझी नेलपॉलिश कशानं संपली?"

पेनड्राइव्ह माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात होता, वर चिठ्ठी, 'जिवंत व्हायरस, हात लावू नये'. तो घेऊन मच्छिंद्र सतीशकडं पळाला. मांडवात भले मोठे स्पीकर रचलेले. सतीशनं लाल रंग बघितला आणि हात पाठीमागं घेतले.

"भाऊ, तुम्हीच पारावर सांगितलं ना? माझ्या सिस्टिमला न्हाई लावायचा हा. सीझनची सगळी गाणी जात्याल."

"अरे, सासूची गाणी हायेत रे ह्यात!"

"आन् व्हायरस?"

"तो पण हाय."

"मग सासू आन् व्हायरस वेगळं करून आणा, मी लावतो."

आता गावात एकच माणूस उरला होता. मच्छिंद्र रोहिदासच्या दुकानात पोचला तेव्हा फॉर्म भरणारांची तीच गर्दी होती.

"या! आता काय पाहिजे? कॉलरा?"

"रोहिदास, पाया पडतो. ह्यातला तुमचा व्हायरस तेवढा काढून द्या."

"माझा?" रोहिदासनं पेनड्राइव्ह ओढून घेतला, आपल्या कॉम्प्युटरला लावला आणि स्क्रीन गर्दीकडं फिरवली. धोका नाही. पुन्हा तपासला. धोका नाही. आत लाइट बिल होतं आणि जाईबाईची सगळीच्या सगळी गाणी होती, एकालाही ओरखडा नाही. रोहिदासनं त्यातलं एक लावलं. एसटी स्टँडसमोर जाईबाईचा जुना खणखणीत आवाज उठला. फॉर्म भरणारांची पेनं थांबली.

गाणं संपल्यावर रोहिदास हळूच म्हणाला, "भाऊ, तुम्ही कंपनीत तपासणीला ना? मग तुमचा हा लाल पीस खराब हाय, हे तपासलं कुणी?"

(बटाट्यांचा आणि बाँबचा मुद्दा आठवा. मच्छिंद्रलाही नेमका तेव्हाच आठवला.)

"आता एक करायचं," रोहिदास म्हणाला. "गावभर माझी बदनामी केलीय. कॅमेऱ्यापुढं उभं ऱ्हावा आन् खरं काय ते बोला. मग पेनड्राइव्ह घेऊन जावा."

मच्छिंद्रनं झेरॉक्स मशीनशेजारी उभं राहून आयुष्यातला पहिला रिव्ह्यू दिला. "मी स्वतः ह्या दुकानात व्हायरस मागितला. हात जोडून मागितला. मिळाला न्हाई." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

जयंतीला मांडव दणाणला. जाईबाई पहिल्या रांगेत बसली होती. तिचाच आवाज तिच्या अंगावर येत होता आणि ती ओठ हलवत होती. बाया पुसत होत्या ते डोळे होते की घाम, ते काही कळलं नाही. शेवटच्या गाण्यानंतर तिनं जावयाला जवळ बोलावलं. मच्छिंद्रनं कान पुढं केला.

"गाणं बरं वाजलं," ती कुजबुजली. "आता तुम्ही कशाला हात लावू नका."

त्यासाठी सीमानं तजवीज केली होती. नवी नेलपॉलिश आणून तिनं मच्छिंद्रच्या बटण दाबायच्या बोटाचं नख लालभडक रंगवलं होतं.

चार दिवसांनी मच्छिंद्रनं धीर करून आपला रिव्ह्यू उघडला. रोहिदासनं तो दुकानाच्या नावानं टाकला होता आणि तो गावात बराच फिरला होता. खाली एकच लांब कमेंट होती, दौंडच्या कुणा अनोळखी माणसाची:

"मी खूप रिव्ह्यू बघतो, त्यामुळे लगेच ओळखता येतं. माणूस पढवलेला वाटतो. घाबरून बोलतोय. आणि मुख्य म्हणजे, मागनं आई जेवायला बोलवत नाही. विश्वास बसत नाही."

त्या कमेंटला एकच लाइक होता. मच्छिंद्रनं लाल नखाच्या बोटानं नाव उघडून बघितलं. लाइक सीमाचा होता.