तरवडास मानाचे पाणी पाजिले त्याची हकीकत

॥ श्री ॥ भूमीस दंडवत, सूर्यास दंडवत, आणि जे निमूटपणे झाडे वाढवितात त्यांच्या मळक्या हातांस विशेष दंडवत. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिणे आमच्या मानेस सोईचे नाही, जे वर्तले ते यथास्थित लिहितो. राग आवरोन लिहावे ऐसे मनी होते, परंतु आवरत नाही, त्यास इलाज नाही.

त्या राज्यी राणीसाहेबांचा नवस होता की, नवरात्रात घटाची पहिली माळ आपल्याच बागेतील तरवडाच्या पिवळ्या फुलांची बांधावी. तरवड म्हणजे माळावरचे झुडूप, त्यास कोणी लावीत नाही की पोशीत नाही. तथापि आज्ञा जाहली, आणि ठकूबाई माळीण, जी बागेतील खोपटात राहोन तीस वर्षे बाग राखीत होती, तिणे बी दगडावर घासोन, पाण्यात भिजवोन, चौकात मुरमाड जागी भर उन्हात लाविले. दोन वर्षांत झुडूप छातीभर जाहले, आणि श्रावणात शेंड्याशेंड्यास कळ्या दिसो लागल्या. येथवर सर्व ठीक होते, कारण येथवर कोणा शहाण्याचे लक्ष गेले नव्हते. मग कारभारी निळो त्र्यंबक यांचे लक्ष गेले, आणि त्यांणी रीत घातली की, दरबारास येईल त्या मानकऱ्याने राणीसाहेबांच्या झाडास एक तांब्या पाणी घालावे, आणि तेही पायरीपायरीने, थोरला आधी, धाकटा मागून. मग काय विचारता! आभाळ वरोन गळते आहे, आणि खाली पंचेचाळीस सरदार तांबे घेवोन उभे आहेत, आणि आधी कोणी घालावे यावरोन दोघांच्या तलवारी अर्ध्या उपसल्या आहेत. मग राणीसाहेबांचे झाड उन्हात कैसे, म्हणोन वर शामियाना दिला, आणि झाड वेडेवाकडे दिसते म्हणोन दर सोमवारी कातरोन पगडीसारखे गोल केले. ठकूबाई हात जोडोन म्हणाली, "सरकार, त्येला पानी नगं. त्यो माळाचा गडी हाय. उन लागू द्या, आन् शेंडं कापू नगा, कळ्या शेंड्यालाच येत्यात." कारभारी म्हणाले, "तू झाडे राख, रीत आम्ही राखू." दरबार हसला. आम्हीही हसलो, आणि आमच्या पाळीस, तेविसाव्या, आम्हीही तांब्या रिता केला. हे लिहिताना लाज वाटते, परंतु लिहिले पाहिजे.

मग पाने पिवळी पडली. राजवैद्य म्हणाले, अशक्तपणा आहे, शेणखत घाला आणि पाणी दुप्पट करा. मग अळ्या पडल्या. ठकूबाई त्या एकेक वेचीत होती, तिला मना करोन चाळीस स्वार अळ्यांवर पाठविले, त्यांणी भाल्यांनी झाडाचे तीन फाटे मोडले आणि फत्ते जाहली म्हणोन नौबत वाजविली! आणि इतके करोन वर हुकूम कोणावर सुटला? ठकूबाईवर! घटस्थापनेस फूल न दिसल्यास कसूर माळिणीची, तिणे खोपट सोडोन सहकुटुंब राज्याबाहेर जावे.

आश्विन शुद्ध प्रतिपदेस प्रातःकाळी राणीसाहेब रिता दोरा हाती घेवोन चौकात आल्या, तो झाडास फूल नाही, कळी नाही, पानही नाही. पलीकडे शिपाई ठकूबाईची भांडी खोपटाबाहेर मांडीत होते, आणि तिची लहान नात तिच्या कडेवर रडत होती. राणीसाहेबांनी झुडूप धरोन हलविले, तो ते मुळासकट हाती आले. मूळ काळे, कुजके, दुर्गंधी. त्या रागे भरोन म्हणाल्या, "ठकूबाई, पाणी जास्त होते हे तू आधी का नाही सांगितलेस?" ठकूबाई म्हणाली, "सांगितलं व्हतं, आईसाहेब. पानी घालायचा मान व्हता, आयकायचा नव्हता."

मग राणीसाहेब पायी वेशीबाहेर माळावर गेल्या, मागे ठकूबाई. तेथे ज्यास कोणी तांब्याभर पाणी कधी घातले नव्हते ते तरवड पिवळेधमक फुलले होते. दोघींनी बसोन माळ ओविली. परतोन आज्ञा जाहली की, भांडी आत ठेवा, खोपट ठकूबाईचेच, आणि ती पुन्हा बी लावील त्यास तिच्यावाचोन कोणी हात लावो नये.

ठकूबाई वाचली, येथे बखर संपावी. परंतु पंचेचाळीस सरदार रुसोन बसले की, आमचा मान गेला. कारभाऱ्यांनी तोड काढिली. चौकात एक फरसबंदीचा दगड नेमिला, आणि सरदार क्रमाने त्यावर तांबे ओतोन संतुष्ट होवोन घरी गेले.

सारांश, नवे तरवड तिसरे वर्षी फुलले. दगडास अद्याप कळी नाही, परंतु मानात एक दिवस खंड नाही.