मान हलली आणि मशीन गेलं

नवा चष्मा कसा वापरायचा हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी दुकानातच जाहीर केलं होतं! चष्मेवाला बिचारा समजावत होता, "काका, हा प्रोग्रेसिव्ह आहे. वरून लांबचं, मधून समोरचं, खालून वाचायचं. नुसते डोळे फिरवू नका, मान हलवा." मी म्हटलं, "चाळीस वर्षं नकाशे काढलेत मी. नजरेचं मला सांगू नका."

रविवारी लेक आली, टेबलापलीकडे बसली. तिचा चेहरा धूसर दिसत होता. हनुवटी वर केली तर कानातलं स्पष्ट, डोळे गायब. खाली केली तर थेट मागचं कपाट! वर, खाली, वर, खाली. दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी माझी मान चालली होती.

तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, आईचं पायमशीन खालच्या शिवणवाल्या ताईंना देऊन टाकू? त्यांचं बंद पडलंय. चालेल ना?"

मान चालूच होती.

"नक्की?"

मान अजून चालूच.

हिच्या आईला जाऊन चौदा महिने झाले. त्या मशीनवर मी रोज सकाळी फडकं मारतो, दोन शब्द बोलतो. ते कसं देणार? "अगं" म्हणून तोंड उघडलं आणि नेमका तेव्हाच लेकीचा चेहरा सापडला. ती रडत होती. "कसं विचारू तेच कळत नव्हतं," म्हणाली. "तुम्ही सावरलात, बाबा." बाप सावरलेला नाही, चष्मा सावरतोय, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

अर्ध्या तासात ताई दोन माणसं घेऊन हजर! मशीन जिन्यात गेलं आणि माझा धीर सुटला. "थांबा!" म्हणत धावलो. पण खालच्या काचेतून पायऱ्या अशा हलायला लागल्या की कठडा धरून उभाच राहिलो. पाऊल कुठे टाकायचं ते शोधायला पुन्हा मान वर, खाली.

"बघा, काका पायऱ्या दाखवतायत," ताई माणसांना म्हणाल्या. "सावकाश घ्या."

सावकाश मशीन वळणाआड गेलं. मी तिथेच पायरीवर बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी ते परत मागायचंच, असं ठरवून खाली गेलो. दारातच आवाज ऐकू आला. खडखड, जरा थांबून पुन्हा खडखड. आमच्या घरातल्या सगळ्या दुपारी त्याच आवाजात गेल्या होत्या. मी तिथेच कान देऊन उभा राहिलो.

"काही शिवायचं होतं का, काका?"

मी अंगातल्या शर्टाची धडधाकट बाही पुढे केली. "ही उसवेल असं वाटतंय."

ताईंनी स्टूल दिलं, बाहीवर टीप मारली. तेवढा वेळ मी बनियनवर ऐकत बसलो.

आता दर दोन दिवसांनी घरी बसून मी एखादी शिवण उसवतो आणि खाली जातो. काल ताईंनी विचारलंच, "काका, तुमचे कपडे एवढे कसे हो उसवतात?"

"कापड जुनं झालंय," मी म्हणालो.

शर्टाच्या कॉलरला दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच लटकत होती, हे मला घरी आल्यावर दिसलं.